विश्लेषण: जप्त मोबाइल-लॅपटॉपमधल्या डेटाची 'खरी नक्कल' कशी ठरते? डीडी कमांड, हॅश व्हॅल्यू आणि नवा साक्ष कायदा

पोलिसांनी जप्त केलेला लॅपटॉप, सोसायटीच्या गेटवरच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, भांडणाच्या वेळी कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. पुरावा म्हणून यातलं काहीच नाही, असा खटला आता विरळाच.

पण तज्ज्ञ तपासणी करतात ती बहुतेक वेळा मूळ डिस्कवर नव्हे, तिच्या नकलेवर. मूळ डिस्क सीलबंद राहते. मग ती नक्कल मुळाबरहुकूम आहे, मधल्या काळात कुणी त्यात काही घातलं किंवा त्यातून काढलं नाही, हे कोण आणि कसं सांगणार?

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि १८७२ चा पुरावा कायदा इतिहासजमा झाला. डिजिटल पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात या कायद्यानं एक नवी ओळ आणली आहे: संबंधित रेकॉर्डची 'हॅश व्हॅल्यू' किती?

ही एक ओळ भरता यावी म्हणून जे करावं लागतं, त्याची मुळं पन्नास वर्षांपूर्वीच्या एका छोट्या कमांडपर्यंत जातात. ती कमांड काय करते, हॅश व्हॅल्यू काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, आणि कायद्यात अजून कोणत्या फटी आहेत, ते समजून घेऊया.

नव्या कायद्यात नेमकं काय बदललं?

जुन्या कायद्यातलं कलम ६५ब हे डिजिटल पुराव्याचं कलम होतं. कम्प्युटरमधून काढलेली प्रिंट, सीडी किंवा पेन ड्राइव्ह कोर्टात द्यायचा तर त्यासोबत एक प्रमाणपत्र लागायचं. नव्या कायद्यात त्याची जागा कलम ६३ नं घेतली आहे.

पहिला बदल म्हणजे प्रमाणपत्राचा नमुना आता कायद्याच्या परिशिष्टातच छापलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत. भाग 'अ' पुरावा देणाऱ्यानं भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञानं. म्हणजे पूर्वी एका सहीवर भागायचं, आता दोन सह्या हव्यात.

दुसरा बदल म्हणजे या नमुन्यात उपकरणाचा प्रकार, मेक, मॉडेल, रंग, सीरियल नंबर, मोबाइल असेल तर आयएमईआय नंबर अशी माहिती लिहावी लागते. आणि त्याखाली रेकॉर्डची हॅश व्हॅल्यू. ती शा-१, शा-२५६, एमडी-५ किंवा कायद्याला मान्य अशा दुसऱ्या कोणत्या पद्धतीनं काढली, तेही नोंदवायचं असतं.

तहसील कार्यालयातून फेरफाराची नक्कल मागितली की तिच्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का आणि कारकुनाची सही मिळते. आपण त्या शिक्क्यावर विश्वास ठेवतो. डिजिटल नकलेच्या बाबतीत असा नुसता शिक्का पुरत नाही, कारण फाइलमध्ये केलेला फेरफार डोळ्यांना दिसत नाही. तिथे खाडाखोड नसते, शाईचा रंग बदलत नाही. म्हणून शिक्क्याच्या जोडीला कुणालाही पुन्हा तपासून बघता येईल असा आकडा लागतो. हॅश व्हॅल्यू म्हणजे तो आकडा.

साधं कॉपी-पेस्ट का चालत नाही?

पेन ड्राइव्ह लावला, फाइल्स निवडल्या, कॉपी केल्या, दुसरीकडे पेस्ट केल्या. घरी फोटो हलवायला एवढं पुरतं. पुराव्यासाठी मात्र ही पद्धत तीन कारणांनी अपुरी पडते.

एक, कॉपी-पेस्टमध्ये फक्त दिसणाऱ्या फाइल्स येतात. फाइल डिलीट केली की साध्या हार्ड डिस्कवर ती लगेच पुसली जात नाही. ती जागा 'रिकामी' आहे एवढीच नोंद होते आणि त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच पडून असतो. तपासात अनेकदा महत्त्वाचं ठरतं ते हेच. कॉपी-पेस्टमध्ये यातलं काहीही येत नाही.

दोन, तारखा बदलतात. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की नव्या फाइलवर 'तयार झाल्याची' वेळ म्हणून कॉपी केल्याची वेळ पडते. फाइल घटनेच्या आधी तयार झाली की नंतर, यावरच वाद असेल तर हा फरक लहान नाही.

तीन, नुसतं जोडल्यानंही मूळ वस्तू बदलते. विंडोज कम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावला की बऱ्याचदा त्यावर 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचं छुपं फोल्डर तयार होतं. अँड्रॉइड फोनमध्ये मेमरी कार्ड घातलं की त्यावर फोन स्वतःची फोल्डर्स बनवतो. कुणाचाही वाईट हेतू नसताना, फक्त 'बघूया काय आहे' म्हणून कार्ड लावणाऱ्यानंही पुराव्यावर आपले ठसे उमटवलेले असतात.

मग 'डीडी' काय करते?

डीडी ही युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमवरची कमांड आहे. १९७४ च्या सुमारास आलेल्या युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीपासून ती आहे आणि आजच्या लिनक्स आणि मॅकवरही असते. तिचं नाव आयबीएमच्या जुन्या मोठ्या कम्प्युटरवरच्या 'डेटा डेफिनिशन' या सूचनेवरून आलं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची: इनपुट कुठून घ्यायचं, आउटपुट कुठे लिहायचं आणि एका वेळी किती मोठा घास घ्यायचा. बस्स.

तिचा मोठा गुण म्हणजे तिला 'फाइल' किंवा 'फोल्डर' यांच्याशी देणंघेणं नसतं. डिस्कच्या पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जे असेल ते, रिकाम्या जागेसकट, ती जसंच्या तसं उचलते आणि दुसरीकडे मांडते. डिलीट केलेल्या फाइल्सचे अवशेष, जुन्या तारखा, छुपे भाग, सगळं येतं. या नकलेला 'इमेज' किंवा 'क्लोन' म्हणतात. पुस्तकातल्या धड्यांची नक्कल आणि कोऱ्या पानांसह, खोडलेल्या ओळींसह, समासातल्या टिपांसह अख्ख्या वहीची नक्कल, एवढा हा फरक आहे.

तिचा मोठा दोष म्हणजे ती काहीही विचारत नाही. इनपुट आणि आउटपुटची अदलाबदल झाली तर कोऱ्या डिस्कमधला कोरेपणा ती निमूटपणे मूळ डिस्कवर लिहून टाकते. 'नक्की का?' असा प्रश्न नाही, रीसायकल बिन नाही. म्हणूनच कम्प्युटरवाले तिला गमतीनं 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात. एकाच डिस्कवर पुरावा असेल तर ही गंमत राहत नाही.

त्यामुळे प्रयोगशाळेत मूळ डिस्क आणि कम्प्युटर यांच्यामध्ये 'राइट ब्लॉकर' नावाचं उपकरण लावतात. ते डिस्क वाचू देतं, पण तिच्यावर काही लिहू देत नाही. अमेरिकी संरक्षण खात्याच्या फॉरेन्सिक प्रयोगशाळेत डीडीची सुधारित आवृत्तीही तयार झाली. डीसीएफएलडीडी नावाची ही आवृत्ती नक्कल होत असतानाच हॅश व्हॅल्यू काढते. आज प्रयोगशाळांत बटणं दाबून चालणारी महागडी सॉफ्टवेअर्स आणि यंत्रं असतात, पण त्यांच्या पोटात काम तेच चालतं.

याला किती वेळ लागतो?

हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी त्याचा थेट संबंध नागरिकांच्या हक्कांशी आहे.

एक टेराबाइटची साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट वेगानं वाचली, तर पूर्ण नक्कल व्हायला १० हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. त्यानंतर नक्कल बरोबर आली का, हे बघायला ती पुन्हा वाचावी लागते. घरात दोन लॅपटॉप, एक बाहेरची डिस्क आणि तीन मोबाइल सापडले तर हा हिशेब एका दिवसाच्या पलीकडे जाऊ शकतो.

म्हणून झडतीच्या जागी नक्कल करण्याऐवजी उपकरणच उचलून नेलं जातं. ते पाकिटात घालून सील होतं, पंचांच्या सह्या होतात, मुद्देमाल म्हणून जमा होतं आणि पुढे प्रयोगशाळेत जातं. नक्कल आणि हॅश व्हॅल्यू तिथे निघते. जप्ती आणि हॅश यांच्यात जो काळ जातो, तेवढ्या काळापुरता भरवसा असतो तो फक्त लाखेच्या सीलवर आणि कागदावरच्या नोंदींवर.

हॅश व्हॅल्यू म्हणजे काय?

हॅश म्हणजे एक गणिती सूत्र. त्यात कितीही मोठी फाइल किंवा अख्खी डिस्क घातली तरी ठरावीक लांबीचा एक आकडा बाहेर पडतो. शा-२५६ या पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो, शा-१ मध्ये ४० आणि एमडी-५ मध्ये ३२.

फाइल तीच असेल तर आकडा दरवेळी तोच येतो, मग तो पुण्यात काढा किंवा नागपुरात, आज काढा किंवा दहा वर्षांनी. पण टेराबाइटभर डेटामधला एक बिट जरी बदलला, तरी आकडा पूर्ण वेगळा येतो. थोडा बदल झाला म्हणून आकडाही थोडाच बदलला, असं होत नाही. आणि आकड्यावरून मूळ फाइल परत बनवता येत नाही. त्यामुळे आकडा जाहीर केला तरी आतला मजकूर उघड होत नाही.

याचा अर्थ असा की मूळ डिस्कचा आकडा आणि नकलेचा आकडा जुळला, तर नक्कल खरी. तो जुळतो का हे पोलीस बघू शकतात, आरोपीचा वकील बघू शकतो, न्यायाधीशांनी नेमलेला तिसरा माणूसही बघू शकतो. कुणाच्या शब्दावर विसंबायची गरज उरत नाही.

जालन्याच्या निवडणुकीचा खटला का महत्त्वाचा?

डिजिटल नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच का, या प्रश्नावरचा सर्वोच्च न्यायालयाचा सर्वांत महत्त्वाचा निकाल मराठवाड्यातल्या एका निवडणुकीतून आला आहे.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांनी काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांच्यावर २९६ मतांनी विजय मिळवला. गोरंट्याल उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळून गेल्यावर घेतला गेला, असा त्यांचा दावा होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्या दिवशी व्हिडिओ चित्रीकरण झालं होतं. त्याच्या सीडी कोर्टात आल्या. पण कलम ६५ब चं प्रमाणपत्र काही आलं नाही. गोरंट्याल यांच्या बाजूनं ते वारंवार मागितलं गेलं, अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही.

२०१७ मध्ये उच्च न्यायालयानं खोतकरांची निवड रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन, एस. रवींद्र भट आणि व्ही. रामसुब्रमणियन यांच्या पीठानं निकाल दिला.

न्यायालयानं सांगितलं की नक्कल सादर करायची असेल तर प्रमाणपत्र बंधनकारक आहे आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ उपकरणच मालकानं साक्षीला येऊन कोर्टापुढे ठेवलं, तर मात्र प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ज्याच्या हातात उपकरण नाही अशा पक्षकारानं प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं असेल, तर ते मिळालं नाही याची शिक्षा त्याला देता येणार नाही. या प्रकरणात इतर पुरावाही होता. त्यामुळे उच्च न्यायालयाचा निर्णय कायम राहिला.

या खटल्यात हॅश व्हॅल्यूचा वाद नव्हता. पण एक गोष्ट त्यातून लख्ख दिसली. नकलेचा खरेपणा सिद्ध करणारा कागद ज्याच्या हातात असतो, तो बऱ्याचदा दुसऱ्या बाजूचा किंवा सरकारी कार्यालयातला माणूस असतो. कागद न देऊन तो पुरावा अडवू शकतो.

कोर्टाच्याच ताब्यात असताना हॅश बदलली तर?

केरळमध्ये हे घडलं. २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात एक मेमरी कार्ड महत्त्वाचा पुरावा होतं. आरोपी अभिनेता दिलीप यांनी त्याची नक्कल मागितली. सर्वोच्च न्यायालयानं २९ नोव्हेंबर २०१९ रोजी निकाल दिला की मेमरी कार्डमधला मजकूर हा कायद्याच्या भाषेत 'दस्तऐवज' आहे आणि साधारणपणे आरोपीला त्याची क्लोन प्रत मिळायला हवी. पण पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तिथे नक्कल हातात न देता, आरोपीला वकील आणि तज्ज्ञासह ती पाहू देता येईल. या पीठात न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि दिनेश माहेश्वरी होते.

पुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. कार्डाची हॅश व्हॅल्यू बदलल्याचं लक्षात आलं. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं झालेल्या न्यायवैद्यक तपासणीतून समोर आलं की २०१८ ते २०२१ या काळात, कार्ड वेगवेगळ्या न्यायालयांच्या ताब्यात असताना, ते तीन वेळा उघडलं गेलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं याच्या चौकशीचा आदेश दिला आणि अशी संवेदनशील सामग्री कशी हाताळायची याचे निर्देशही दिले.

हॅश नसती तर हे कधी कळलंच नसतं. कार्ड पाकिटात होतं, रजिस्टरमध्ये नोंद होती, वरवर सगळं ठीक होतं. पण हॅशनं फक्त 'काहीतरी बदललं' एवढं सांगितलं. कुणी उघडलं आणि का, हे शोधायला माणसांचीच चौकशी लागली. शिवाय पूर्ण कार्डाची हॅश बदलली म्हणजे आतला व्हिडिओ बदललाच, असंही नाही. आधी सांगितल्याप्रमाणे कार्ड नुसतं लावल्यानंही त्यावर नवं काही लिहिलं जातं. म्हणून जाणकार पूर्ण कार्डाची आणि आतल्या प्रत्येक फाइलची, अशा दोन्ही हॅश वेगवेगळ्या नोंदवायला सांगतात.

हॅश काय सांगू शकत नाही?

पुण्यात ३१ डिसेंबर २०१७ रोजी झालेल्या एल्गार परिषदेच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये दिल्लीत रोना विल्सन यांच्या घरी झडती घेतली आणि लॅपटॉप जप्त केला. त्यातली पत्रं हा आरोपांचा मोठा आधार होता.

न्यायालयीन प्रक्रियेतून बचाव पक्षाला डेटाच्या क्लोन प्रती मिळाल्या. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल फॉरेन्सिक कंपनीनं त्या तपासल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेल्या तिच्या अहवालात म्हटलं होतं की जप्तीच्या आधी २२ महिन्यांहून अधिक काळ या लॅपटॉपवर बाहेरून ताबा मिळवणारं मालवेअर होतं आणि पत्रं त्याच वाटेनं आत ठेवली गेली. राष्ट्रीय तपास यंत्रणेनं हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. अंतिम काय ते खटल्यात ठरेल.

इथे मुद्दा कोण बरोबर, हा नाही. हॅश व्हॅल्यू ज्या क्षणी काढली, त्या क्षणापासून पुढची हमी देते. त्याआधी डिस्कवर काय घडलं, फाइल मालकानं बनवली की दुसऱ्या कुणी आत टाकली, याबद्दल ती गप्प असते. आकडा जुळला म्हणून मजकूर खरा, हा निष्कर्ष चुकीचा आहे. आणि या वादात दुसऱ्या बाजूला स्वतंत्र तपासणी करता आली, ती केवळ पूर्ण क्लोन प्रत मिळाली म्हणून. निवडक फाइल्सच्या प्रिंट मिळाल्या असत्या तर मालवेअरच्या खुणा होत्या की नव्हत्या, यावर चर्चाच होऊ शकली नसती.

मोबाइल आणि एसएसडीमुळे काय बदललं?

डीडीचा जमाना फिरत्या हार्ड डिस्कचा होता. आजची साधनं तेवढी सरळ नाहीत.

नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. फाइल डिलीट केली की 'ही जागा आता नको' असा निरोप सिस्टिम एसएसडीला देते आणि एसएसडी सवडीनं ती जागा स्वतःच साफ करते. वीज मिळाली की हे काम आतल्या आत सुरू होऊ शकतं, बाहेर राइट ब्लॉकर लावला असला तरीही. म्हणजे उशीर झाला तर पुसलेला डेटा परत मिळण्याची शक्यता घटते. काही वेळा एकाच एसएसडीच्या दोन वाचनांत हॅश वेगळी येऊ शकते, आणि त्यात कुणाचीही लबाडी नसते.

मोबाइलमध्ये डेटा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला असतो. चिपवरचे बाइट जसेच्या तसे उचलले तरी हाती कचराच लागतो. म्हणून फोन चालू ठेवून, पासवर्ड मिळवून किंवा खास यंत्रं वापरून डेटा बाहेर काढावा लागतो. चालू फोन सतत काही ना काही लिहीत असतो, त्यामुळे 'अख्ख्या फोनची' हॅश पुन्हा तशीच येईल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. हॅश काढली जाते ती बाहेर काढलेल्या डेटाच्या गठ्ठ्याची. म्हणजे तो गठ्ठा बांधताना समोर कोण होतं, याला अधिकच महत्त्व येतं. शिवाय फोन नेटवर्कला जोडलेला राहिला तर दुरून पुसलाही जाऊ शकतो. म्हणून तो रेडिओ लहरी अडवणाऱ्या फॅराडे पाकिटात ठेवतात. कर्नाटक उच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात अशा जप्तीसाठी सविस्तर सूचना दिल्या होत्या.

कायद्यात अजून फट कुठे आहे?

पहिली फट वेळेची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार आता झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. हा मोठा बदल आहे. पण जागेवरच हॅश काढा किंवा नक्कल करा, असं हे कलम म्हणत नाही. कलम ६३ हॅश मागतं ते पुरावा सादर करताना. जप्ती ते हॅश हा मधला काळ कायद्यानं मोकळाच सोडला आहे.

दुसरी फट नकलेची. उपकरण नेताना त्याची एक प्रत मालकाला द्यावी, अशी सक्ती या कलमांत नाही. पत्रकार, डॉक्टर, वकील, छोटा दुकानदार यांचं सगळं काम एकाच लॅपटॉपमध्ये असतं. तो गेला की हिशेब, रुग्णांच्या नोंदी, अशिलांची कागदपत्रं सगळंच अडकतं. पत्रकारांच्या उपकरणांबाबतच्या याचिकेवर नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं. ती होईपर्यंत केंद्रीय यंत्रणा सीबीआयच्या २०२० च्या नियमपुस्तिकेनुसार वागतील, असं केंद्रानं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयात सांगितलं. नियमपुस्तिका म्हणजे कायदा नव्हे.

तिसरी फट सूत्रांची. नमुन्यात शा-१ आणि एमडी-५ अजून आहेत. एमडी-५ मध्ये दोन वेगळ्या फाइल्सची हॅश एकच येईल असं घडवून आणता येतं, हे २००४ मध्येच दाखवलं गेलं. शा-१ बाबत गुगल आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ते करून दाखवलं. अमेरिकेच्या मानक संस्थेनं २०३० अखेरपर्यंत शा-१ चा वापर थांबवायला सांगितलं आहे. आधीच नोंदवलेल्या हॅशला जुळणारी दुसरी फाइल बनवणं आजही कुणाला जमलेलं नाही, त्यामुळे जुने खटले लगेच कोसळत नाहीत. पण शा-२५६ फुकट उपलब्ध असताना नव्या कायद्यात जुनी सूत्रं ठेवून वादाला जागा कशाला द्यायची, हा प्रश्न उरतोच.

चौथी फट तज्ज्ञाची. भाग 'ब' वर सही करणारा तज्ज्ञ कोण, हे कलम ६३ मध्ये स्पष्ट केलेलं नाही. शहरातल्या मोठ्या वकिलाला असा माणूस सापडेल. तालुक्याच्या कोर्टात मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगवर दावा लढवणाऱ्या माणसानं तो कुठून आणायचा?

सामान्य माणसानं काय लक्षात ठेवावं?

- महत्त्वाचा व्हिडिओ किंवा फोटो ज्या फोनवर काढला, त्या फोनमध्ये तो तसाच ठेवा. कापू नका, फिल्टर लावू नका, फोन रीसेट करू नका.

- व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो. त्याची हॅश मुळापेक्षा वेगळी येते. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा केबलनं कॉपी करा.

- हॅश काढायला पैसे लागत नाहीत. विंडोजमध्ये 'सर्टयूटिल' आणि लिनक्समध्ये 'शा-२५६-सम' ही कमांड आधीपासून असते. आकडा काढून त्याच दिवशी स्वतःला किंवा वकिलाला ईमेल करून ठेवला, तर त्यावर तारीख राहते.

- सीसीटीव्हीचा डीव्हीआर जागा भरली की जुन्या रेकॉर्डिंगवर नवं लिहितो. 'बघू पुढच्या महिन्यात' म्हटलं तर ते गेलेलं असतं. रेकॉर्डिंग जपून ठेवण्याची मागणी लगेच आणि लेखी करा.

- घरात झडती झाली तर तिथे हजर राहण्याचा आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मिळण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे. यादीत सीरियल नंबर आणि आयएमईआय बरोबर लिहिलेत का, हे सही करण्याआधी बघा. जागेवर हॅश काढली असेल तर ती नोंदवून घ्या. काढली नसेल तर तशी मागणी केल्याचं तरी लिहून घ्यायला सांगा.

पुढे काय?

नव्या कायद्यानं हॅशला कागदावर जागा दिली, हे पाऊल योग्य दिशेचं आहे. पण सील कधी लागलं आणि कुणासमोर लागलं, यावर त्याची किंमत ठरते. प्रयोगशाळेत तीन महिन्यांनी काढलेली हॅश तीन महिन्यांनंतरची हमी देते, आधीची नाही.

यासाठी नव्या तंत्रज्ञानाची वाट बघायची गरज नाही. झडतीला जाणाऱ्या पथकाकडे राइट ब्लॉकर आणि कोऱ्या डिस्क असणं, निदान मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्हसारख्या छोट्या वस्तूंची हॅश पंचांसमोर काढून पंचनाम्यात लिहिणं, ती चित्रीकरणात दिसणं, आणि शक्य तिथे एक प्रत मालकाला देणं, एवढ्यानं बरेच वाद सुरू होण्याआधीच मिटतील. प्रामाणिक तपास अधिकाऱ्यालाही याचा फायदाच आहे, कारण 'तुम्हीच आत टाकलं' या आरोपाला तो एका आकड्यानं उत्तर देऊ शकेल.